मला आवाज नव्हता म्हणून

मित्रांनो, मला जुनी म्हणायचे की नवी, यावर परत आलेल्या गाड्यांच्या या आवारात रोज वाद चालतो. शेजारी उभा असलेला म्हातारा टेम्पो मला 'कालची पोर' म्हणतो. पण कागदोपत्री मी जुनीच. मी विजेवर चालणारी एक गाडी आहे आणि माझ्या माणसांशी झालेला माझा करार नुकताच संपला आहे. त्यांनी मला विकत घेतले नव्हते, तीन वर्षांसाठी भाड्याने नेले होते. तरीही सांगते, त्या घराने मला जे दिले ते विकत घेतलेल्या गाड्यांनाही सहसा मिळत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. लोखंडी यंत्रांनी माझे अंग जोडले, पण शिटांवरचे कापड ताणून बसवायला माणसेच होती. पोटाशी बॅटरी बसवली. दारांच्या कडांना जाड रबर लावले, काचा दुहेरी केल्या. शेवटी तपासणीच्या बाईंनी बटण दाबले आणि कान देऊन विचारले, "चालू झाली का ही?" मी कधीच चालू झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेला प्रश्न तोच, आणि पुढे तो मला वारंवार ऐकावा लागला.

शोरूममध्ये मला एका कोपऱ्यात जागा मिळाली. मधोमध दिव्यांखाली एक लाल गाडी होती. तिच्या आतला पडदा घरातल्या टीव्हीएवढा मोठा. येणारा प्रत्येकजण तिच्यात बसून फोटो काढायचा आणि माझ्या बॉनेटवर पिशव्या ठेवायचा. मी मनाची समजूत घालत असे की कोपरा थंड असतो.

एके दिवशी ताई आल्या. त्या घरोघरी जाऊन आजाऱ्यांकडून व्यायाम करून घेत. कोणाचा गुडघा बदललेला असे, कोणाचा खांदा आखडलेला. त्यांची जुनी डिझेलची गाडी इतकी थडथडायची की दुसऱ्यांच्या माना मोकळ्या करता करता ताईंचीच मान धरली होती. सोबत धाकटा भाऊ होता. घरात त्याला बारक्या म्हणत, पण माझ्या दारातून आत शिरताना त्याला तिरके व्हावे लागे. मागोमाग त्यांच्या आई आल्या. त्यांचा जन्म मुलींना शिवणकाम शिकवण्यात गेला होता. मी त्यांना आजीच म्हणते.

विक्रेत्याने लाल गाडीत मोठ्याने गाणे लावले.

"बंद करा हो ते. मला ऐकायचंय," ताई म्हणाल्या.

"काय ऐकायचंय, मॅडम?"

"काहीच नाही!"

बिचारा बुचकळ्यात पडला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो त्यांना माझ्या कोपऱ्यात घेऊन आला.

ताईंनी मला भाजीबाजारामागच्या रस्त्यावर नेले. तिथे रस्ता कमी आणि खड्डे जास्त. मी सगळे धक्के चाकांतच जिरवले, वर पोहोचू दिले नाहीत. थोड्या वेळाने ताईंनी खांदे सैल सोडले. मागे बसलेल्या आजींनी शिटाची शिवण नखाने उलटून पाहिली. "टाके सरळ आहेत," एवढेच त्या म्हणाल्या.

बारक्याला मात्र पटेना. "ताई, हे भाड्याचं तट्टू कशाला? घ्यायची तर स्वतःची घे ना."

"आणि उद्या हिच्याहून चांगली बॅटरी आली तर? ही परत करायची, दुसरी आणायची. दुरुस्तीही त्यांच्याच गळ्यात. मी पेशंट बघू की गॅरेजच्या चकरा मारू?"

तट्टू हा शब्द मला लागला. पण उथळ पाण्यालाच खळखळाट फार, असे म्हणून मी गप्प राहिले. ताईंनी सही केली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

त्या घरात एक काळजी होती. आजी वेगळ्या, स्वतःच्या घरात एकट्या राहत. दाराची घंटा वाजली तरी दार उघडत नसत. किटली शिट्टी मारून मारून कोरडी व्हायची, तरी त्या शेजारच्याच खोलीत शिवत बसलेल्या असत. विचारावे एक तर उत्तर दुसरेच, नाहीतर नुसते 'हो'. आईचे डोके आता चालत नाही, असे बारक्याने ठरवून टाकले होते. ताईंना ते पटत नव्हते, पण खोडून काढता येत नव्हते.

दोघांना एक सवयही जडली होती. डिझेलच्या गाडीत पुढचे बोलणे मागे पोहोचतच नसे. त्यामुळे दोघे पुढे बसून आजींबद्दल खुशाल बोलत आणि आजी मागे खिडकीबाहेर बघत. गाडी बदलली, पण सवय तीच राहिली.

मला घरी आणल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी बारक्या आला आणि आम्ही आजींच्या दारात जाऊन थांबलो. "चल आई, फिरून येऊ!" तो आजींच्या कानाशी ओरडला. आजी खूश होऊन मागे बसल्या. आम्ही गावाबाहेरच्या नव्या, गुळगुळीत रस्त्याला लागलो.

"आज नुसतं दाखवायचं," बारक्या पुढे बसून म्हणाला. "वृद्धाश्रम चांगला आहे, खोलीही रिकामी आहे. पुढच्या आठवड्यात सामान हलवू आणि घराला कुलूप लावू."

"अरे, पण तिला आधी सांगायला नको?"

"सांगून उपयोग काय? तिला आता कळतंय काय! हो म्हणेल. सगळ्यालाच हो म्हणते."

ताईंनी माझा वेग थोडा कमी केला.

मागे आजींनी दाराची मूठ घट्ट धरली. मला ते कळले, पुढच्या दोघांना नाही. भिंतीलाही कान असतात म्हणतात, पण मागे बसलेल्या आईला असतात हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या शांतपणाची लाज वाटली. ज्या गुणासाठी मला निवडले, त्याच गुणाने आजींना हे ऐकवले. डिझेलच्या गाडीसारखे थडथडता आले असते तर फार बरे झाले असते, असे वाटले.

"ताई, गाडी बाजूला घे," आजी म्हणाल्या.

ताईंनी एवढ्या गडबडीने ब्रेक दाबला की बारक्याचा चष्मा पायाशी पडला.

"आई... तुला ऐकू आलं?"

"शब्दन् शब्द. या गाडीत तू हळू बोललास तरी येतं." आजी पुढे झुकल्या. "मला कळतं रे सगळं. मला ऐकू येत नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? दोनदा 'काय' म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी पडायची. तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटायची. मग मी हो म्हणायला शिकले. हो म्हटलं की कोणी चिडत नाही."

बारक्या चष्मा शोधायला खाली वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. चष्मा त्याच्या बुटाजवळच होता.

"मला माझ्या घरी राहायचंय," आजी म्हणाल्या. "हे आता तुम्हाला ऐकू आलं का?"

"आलं, आई."

तो उतरला. त्याने पुढचे दार उघडून धरले आणि आजींचा हात धरून त्यांना ताईंशेजारी बसवले. स्वतः तिरका होत मागे शिरला. ताईंनी डोळे पुसले आणि मला घराकडे वळवले.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. घंटेसारखे, शिट्टीसारखे बारीक आवाज आजींना येतच नव्हते, आणि पंखा, रहदारी, टीव्ही यांच्या गलक्यात माणसांचे शब्द विरून जात होते. डोके अगदी ठणठणीत होते. कानांना यंत्रे लागली आणि घराला लागायचे कुलूप टळले.

त्यानंतरचे माझे दिवस सुखाचे गेले. ताई कामाला निघाल्या की पुष्कळदा आजी सोबत येत, पुढे बसत आणि वाटेत सूचना देत. "त्या सायकलवाल्याला जाऊ दे गं, त्याला घाई आहे." ताई हसून म्हणत, "आई, यंत्र काढ बघू जरा!" हालही झाले, नाही असे नाही. कामाच्या धबडग्यात ताई मला धुवायच्या नाहीत, शिटांखाली बिस्किटांचा चुरा साठायचा. एकदा तर चार्जिंगला लावायचेच राहिले आणि पुलाच्या चढावर माझ्या तोंडाला फेस आला. तेव्हा आजींनी लेकीची खरडपट्टी काढली. "घोडा असता तर पाणी दाखवलं असतंस ना? हिला वीज तरी दे!" मागच्या शिटाची शिवण उसवली तीही त्यांनीच घातली, त्याच रंगाचा दोरा शोधून. परत करायच्या वस्तूसाठी इतके कोण करते? म्हणून त्या घराचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

करार संपला त्या दिवशी सगळे मला सोडायला आले. ताईंना नवी गाडी निवडायची होती. शोरूममध्ये नवा, तरतरीत विक्रेता होता. त्याने आजींकडे पाहिले आणि ताईंना विचारले, "आजींना मागे आरामात बसवू का?"

ताई काही बोलायच्या आत बारक्याच पुढे झाला.

"त्यांनाच विचारा की."

विक्रेता ओशाळला. आजींसमोर जाऊन त्याने सावकाश विचारले, "आजी, कुठे बसता?"

"पुढे," आजी म्हणाल्या.

त्या नव्या गाडीत बसून निघून गेल्या. मला वाईट वाटले, पण त्याहून जास्त समाधान वाटले. आता उद्या-परवा दुसरे कोणीतरी मला घेऊन जाईल. कदाचित ते तुमचेच घर असेल. तसे झाले तर मला वेळेवर वीज द्या, चाकांतली हवा बघा, अधूनमधून अंग पुसा. मी भाड्याची असले तरी कसर करणार नाही. आणि मित्रांनो, माझ्यात बसाल तेव्हा मागे बसलेल्या माणसाबद्दल बोलू नका. त्याच्याशी बोला.