माझ्या पोटावरची पाच बोटं

मित्रांनो, माझ्या अंगावर वेलबुट्टी आहे, मोर आहेत; पण बघणाऱ्याची नजर जाते ती माझ्या पोटावर उमटलेल्या पाच बोटांवरच. मी बागानच्या दॉ ख्यू आजीच्या घरची पानाची डबी. आता म्हातारी झाले, झाकणही जरा सैल झाले आहे. पण त्या बोटांची गोष्ट मला कालच्यासारखी आठवते.

बांबूच्या चोया विणून आजीने माझा सांगाडा केला. त्यावर थित्सीच्या झाडाचा काळा चीक चढवला. एक थर दिला की आम्हा डब्यांना जमिनीखालच्या दमट तळघरात वाळत ठेवत. मग राखेने घासायचे, पुन्हा चीक, पुन्हा तळघर. मध्येच दार उघडले तर ओल्या अंगावर धूळ बसते. म्हणून आजीचा दरारा असा, की घरातले मांजरही त्या दाराकडे फिरकत नसे.

माझा शेवटचा थर ओला होता, तेव्हाच आमच्या ब्रह्मी राजाची इंग्रजांशी तिसरी लढाई झाली. आधीच्या दोन लढायांत त्यांनी मुलूख घेतला होता; या वेळी राजालाच आगबोटीत बसवून नेले. आजीचा जावई को तोक राजाच्या फौजेत होता. फौज पांगली आणि तो पायाला जखम घेऊन घरी आला. पाठोपाठ दवंडी पिटली गेली, की राजाचा लपलेला शिपाई सापडला तर जागीच गोळी घालू.

आजीने आपणच केलेला नियम मोडला. तळघर उघडले आणि जावयाला आमच्यामध्ये बसवले.

“डब्यांना धक्का लावू नकोस हं!”

“आई, इथे माझ्या जिवावर बेतलंय आणि तुम्हाला डब्यांची पडलीय?”

“आणि जीव वाचल्यावर खाशील काय?” असे म्हणून आजीने दार लावले आणि ती दारासमोरच नक्षी कोरत बसली.

भर दुपारी ते आले. एक गोरा साहेब, आमच्यातलाच एक दुभाष्या आणि एक हिंदुस्थानी शिपाई.

“आजी, आत काय आहे?” दुभाष्याने विचारले.

“ओले डबे. उघडू नका बाबा, धूळ बसते.”

“धूळ डब्यांवर बसते की जावयावर?”

आजीची मुलगी मा न्वे तान्ह्या बाळाला छातीशी घट्ट धरून खांबाला टेकली. साहेबाने खूण केली आणि शिपाई खाली उतरला.

उजेडातून आलेला तो अंधारात चाचपडला. तोल सावरायला त्याने हात टाकला तो नेमका माझ्या ओल्या पोटावर. हात चिकटला. तो दचकून वाकला, आणि माझ्यामागे बसलेल्या को तोकची आणि त्याची नजरानजर झाली. मिसरूड फुटलेला पोरगाच होता तो. वर बाळ रडले. त्याने वर पाहिले, पुन्हा को तोककडे पाहिले आणि हळूच हात सोडवून घेतला.

वर जाऊन तो आपल्या भाषेत काहीतरी बोलला. दुभाष्या हसला. “म्हणतो, आत नुसती ओली भांडी आहेत. हात तेवढा बरबटला!”

काळा हात बघून साहेबही हसला. आजीने मात्र तो हात ओढून घेतला. “पाण्याने धुऊ नकोस रे बाबा, आधी तेल!” तिने तिळाचे तेल चोळचोळून लावले. “हा चीक लई खाजतो. दिवसचे दिवस झोपू देणार नाही तुला.” दुभाष्याने ते त्याला सांगितले की नाही, कोण जाणे.

ते गेल्यावर को तोक वर आला. “आई, त्यानं मला पाहिलं. अगदी डोळ्यांत पाहिलं.”

आजीच्या हातातली तेलाची वाटी कलंडली.

पुढे मा न्वे राखेने माझे डाग घासू लागली, तेव्हा आजी कडाडली, “खबरदार! माझा जावई त्या हातात होता.” तिने बोटांभोवती जाईची वेल कोरली, ठशांना मात्र सुई लावली नाही.

मी पुष्कळ वर्षे पाहुण्यांपुढे पान-सुपारी घेऊन मिरवले. मग पत्र्याचे चकचकीत डबे आले आणि मी फळीवर गेले. धुळीत पडले, कोळ्यांनी माझ्यात घर केले. एकदा एक व्यापारी म्हणाला, “डाग घासून द्या, चांगला भाव देतो.” मा न्वे तोवर स्वतः आजी झाली होती. तिने मला खांद्यावरच्या शेल्याने पुसले आणि त्याला एक पान खायला घालून वाटेला लावले.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तूवर डाग दिसला तर लगेच घासू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

आमच्याकडे दानधर्म झाला की थेंबथेंब पाणी सोडून त्याचे पुण्य सगळ्या जिवांना वाटतात. दॉ ख्यू आजी आईवडिलांची नावे घ्यायची, गुरूंची घ्यायची, आणि शेवटी थोडे पाणी राखून म्हणायची, “आणि त्या खाजऱ्या हाताच्या पोरालाही. त्याचं नाव काही मला ठाऊक नाही.”

आजी गेली, मा न्वे गेली. शेवटचे पाणी अजून त्याच्यासाठी राखतात.