कौलावरचं नाव

"बुप्पा! अगं, ओळखलंस का?"

तिकिटांची नि सुट्या नाण्यांची पत्र्याची नळी खुळखुळवत मी बोटीत पुढं सरकत होते. वळून पाहिलं तर रम्पाई! नान प्रांतातल्या आमच्या गावची, शाळेत माझ्याच बाकावर बसणारी. डोक्यावर नवी टोपी, पायात पांढरे बूट, हातात घडी घातलेला नकाशा.

"कुणाबरोबर आलीस?"

"एकटीच! यांना जाऊन वर्ष झालं. मुली म्हणाल्या, आई, बँकॉक बघून ये. आज एका दिवसात नऊ देवळं करायची नि संध्याकाळच्या बसनं परत."

एकटीच म्हणे! माझ्या पोटात दुखायला लागलं. सव्वीस वर्षं मी या चाओ फ्राया नदीवर वरखाली करते आहे. काठावरचं प्रत्येक देऊळ मला पाठ आहे, पण बाहेरून. नवरा चांगला धडधाकट. मात्र मी माहेरी जायचं नाव काढलं की त्याची कंबर धरते. आणि हिला बघा, साठीत पंख फुटलेत. विधवेचा हेवा करू नये, हे मला कळत होतं. पण कळून काय उपयोग?

दिवसभरात ती आणखी तीनदा माझ्याच बोटीत भेटली. दर वेळी चेहरा जास्तच उजळलेला. "पाच झाली!" "सात झाली गं!" एकदा तिखटमीठ लावलेली कैरी माझ्या तोंडात कोंबली. मेली कैरीसुद्धा गोड निघाली.

चारच्या सुमारास तिनं विचारलं, "आठ झाली. ते छपराचं काम चाललंय ना, ते शेवटचं. कुठं उतरू?"

ते देऊळ पुढच्याच धक्क्यावर होतं. कळस दिसत होता.

"अजून चार धक्के," मी म्हणाले.

तिनं नकाशा उघडलासुद्धा नाही.

परतीच्या फेरीत ती बोटीत चढली तेव्हा पांढरे बूट धुळीनं माखले होते. शोधत शोधत ती चालत मागं आली होती, तोवर देवळाचं दार बंद झालं होतं.

"माझाच काहीतरी घोळ झाला," ती म्हणाली. "माझं मागणं आठांत मागून झालं होतं गं. तिथं नव्या कौलांवर नावं लिहून छपरावर चढवतात, ज्याचं नाव त्याला पुण्य. तुझं लिहिणार होते. म्हटलं, बुप्पाला कुठली सवड!"

"तिकीट काढ," एवढंच माझ्या तोंडून निघालं. तिनं हसत काढलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडता त्या देवळात गेले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. चपला काढल्या, एक कौल घेतलं, त्यावर रम्पाईचं नाव लिहिलं.

"आणि तुमचं?" टेबलाशी बसलेल्या बाईंनी विचारलं. "जागा आहे की."

"राहू दे."

आता छप्पर पुरं झालंय. तिचा हेवा वाटायचा थांबला, असं नाही. बोट त्या धक्क्याला लागते तेव्हा मी वर बघते. सगळी कौलं सारखीच, तिचं कुठलं ते कळत नाही. मग नळी खुळखुळवते आणि धक्क्याचं नाव मोठ्यानं, दोनदा सांगते.