डायरेक्ट करायचं नाही

रविवारी सकाळी गोत्रीतल्या एका सोसायटीचा सामाईक बोर्ड चौथ्यांदा बंद पडला. घरांतली वीज चालू होती; पण जिन्यातले दिवे, पाण्याची मोटर आणि पार्किंगमधले प्लग गेले होते. बोर्डातला ईएलसीबी खटकन खाली पडत होता. वीज कुठे भलतीकडे गळायला लागली की आपणहून सगळं तोडणारा तो स्विच. वर केला की थोडा वेळ टिकायचा, मग पुन्हा खट्.

नेमका त्याच दिवशी सेक्रेटरी हिंमतरावांच्या मुलाचा, रणवीरचा साखरपुडा. बारा वाजता पाहुणे यायचे होते आणि वरच्या टाकीत तळाशी चार बोटं पाणी.

हिंमतरावांनी ध्रुवला बोलावलं. तो मकरपुऱ्यात एका कारखान्यात मेंटेनन्सला होता आणि सुट्टीच्या दिवशी वायरमनची कामं करायचा. त्याने ईएलसीबी दोनदा वर-खाली करून पाहिला.

"जुना झालाय साहेब. मी हा मधून काढून डायरेक्ट करून टाकतो. दस मिनिटनुं काम."

"करून टाक," हिंमतराव म्हणाले.

"डायरेक्ट करायचं नाही," जिन्यावरून आवाज आला.

उषा गाऊनवर शाल गुंडाळून खाली येत होती. हातात पिवळा मल्टिमीटर. विमा कंपनीत बत्तीस वर्षं फायली हलवल्यावर तिने निवृत्तीनंतर हा नाद लावून घेतला होता. बाल्कनीतल्या टेबलावर सोल्डरिंग गन, जुने रेडिओ, उघडे मिक्सर. सुरुवातीला मीटरचे दोन फ्यूज उडवले, एकदा बोट भाजून घेतलं. नवरा रमाकांत म्हणायचा, "हिला भजनी मंडळ नको, हिला शॉर्ट सर्किट हवंय."

"उषावहिनी, हे तुमच्या रेडिओसारखं नाही," हिंमतराव म्हणाले. "आज माझ्या घरी कार्य आहे."

"म्हणूनच. आज या पार्किंगमध्ये लहान मुलं असतील. तो स्विच पडतोय म्हणजे कुठेतरी वीज गळतेय. तुम्ही त्याचंच तोंड बंद करताय."

"काकी, ऐसे तो सब करते हैं," ध्रुव म्हणाला आणि पेचकस घेऊन पुढे झाला.

उषा बोर्डाला पाठ लावून उभी राहिली.

"अर्धा तास द्या. सापडलं नाही तर बाजूला होईन. तोवर हात लावायचा नाही."

हिंमतरावांनी रमाकांतकडे पाहिलं. रमाकांत चष्मा पुसत म्हणाला, "मी घरात जिंकत नाही, पार्किंगमध्ये काय जिंकणार?" आणि घरून टॉर्च आणायला गेला.

उषाने सगळे एमसीबी, म्हणजे एकेका लाइनीचे छोटे स्विच, पाडले आणि ईएलसीबी वर केला. टिकला. मग एकेक एमसीबी चढवत गेली. जिना. टिकला. आता मोटर. तिचा संशय मोटरवरच होता. ओल्या खड्ड्यातला जोड, तिथेच पाणी शिरलं असणार. तसं तिने सगळ्यांसमोर ठासून सांगितलंही. मोटर चालू झाली, घरघरली आणि चालूच राहिली.

"झालं?" हिंमतराव म्हणाले. "मोटर बरी आहे. चला, बाजूला व्हा."

उषाचे कान तापले. "चुकले. मोटर नाही. पण वीस मिनिटं उरलीत. टाकी भरू दे, मी पुढे बघते."

राहिले होते पार्किंगमधले प्लग. तिथे दोनच गोष्टी जोडलेल्या: कॅमेऱ्याचा डबा आणि पिण्याच्या पाण्याचा कूलर. दोन्ही काढून एमसीबी चढवला, टिकला. कॅमेरा लावला, टिकला. कूलर लावला, तोही टिकला. आता मात्र तिला काही सुचेना. ध्रुव हसला नाही, पण घड्याळाकडे पाहत राहिला.

खांबापाशी गंगाबाई फडकं पिळत उभी होती. जिने आणि पार्किंग पुसायचं काम तिच्याकडे.

"ताई, त्याला हात लावू नका हां. तो चावतो."

उषा वळली. "कोण चावतो?"

"कूलर. मी सायबांना दोनदा सांगितलं. सायेब म्हणले, चप्पल घालून पुसत जा."

हिंमतराव दुसरीकडे बघू लागले.

"आता तर चालू आहे," उषा म्हणाली. "रोज चावतो का?"

"रोज नाही. पोटात गुरगुरायला लागला की मग. गप असला की काही नाही करत."

उषाने कूलरकडे कान दिला. थंडीच्या दिवसातली सकाळ. पाणी आधीच गार, म्हणून आतला कॉम्प्रेसर झोपलेला. तो जागा झाला की मग! तिने शालीचं टोक कमरेला खोचलं, "सगळे मागे सरका," असं म्हटलं आणि कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून कूलरच्या मागची थंडाव्याची प्लॅस्टिकची कळ शेवटपर्यंत फिरवली.

कूलर गुरगुरला, थरथरला.

खट्. अख्खा बोर्ड खाली.

ध्रुवनेच पुढे होऊन कूलरचा प्लग काढला आणि मागची जाळी उघडली. रमाकांतने टॉर्च धरला. कॉम्प्रेसरकडे जाणारी वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली होती. आतलं तांबं चमकत होतं. तिथून वीज पत्र्यात आणि पत्र्यातून ओल्या फरशीत गळत होती. उषाने मीटरची एक सुई प्लगच्या अर्थिंगच्या पिनेला आणि दुसरी कूलरच्या अंगाला लावली. अर्थिंगची तार सलग असती तर मीटर वाजायला हवा होता. वाजला नाही.

"अर्थिंग तुटलेलंच आहे," ध्रुव हळू आवाजात म्हणाला. "काकी, मी डायरेक्ट केलं असतं तर..."

"तर स्विच पडला नसता. माणूस पडला असता."

हिंमतरावांनी कपाळावरचा घाम पुसला. पण घड्याळ बघताच ते पुन्हा सेक्रेटरी झाले. "बरं, सापडलं ना. आता त्या वायरला टेप मारा आणि आजचा दिवस चालवून घ्या. उद्या बघू. पाहुण्यांना गार पाणी तर लागेल."

"माठ ठेवा."

"वहिनी, अति करू नका. सोसायटीची वस्तू आहे. निर्णय मी घेणार."

उषाने ध्रुवच्या पेटीतली पकड उचलली आणि कूलरच्या वायरीचा प्लग मुळापासून कटकन कापला. कापलेला प्लग गाऊनच्या खिशात टाकला.

"घ्या निर्णय," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं होतं तिने तुम्हाला. दोनदा!"

साखरपुडा वेळेवर झाला. जिन्यात दिवे होते, नळाला पाणी होतं, आणि पाहुणे माठातलं पाणी प्याले. उषा-रमाकांतला जेवायला बोलावणं आलं नाही. चौथ्या दिवशी नोटीस लागली: अनधिकृत व्यक्तींनी सोसायटीच्या विद्युत साहित्यास हात लावू नये. रमाकांतने ती मोठ्याने वाचून दाखवली. उषाने पेन काढून खाली लिहिलं, "कूलरला अर्थिंग कधी होणार?" आणि सही केली, पूर्ण नावाने, फ्लॅट नंबरासकट. संध्याकाळपर्यंत त्याखाली अकरा सह्या झाल्या. पाचवी गुजरातीत ध्रुवची होती, आणि तो तर सोसायटीत राहतही नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्यानेच येऊन नवी वायर आणि अर्थिंग केलं. हिंमतराव लांब उभे राहून बघत होते. काम झाल्यावर उषाने मीटर गंगाबाईच्या हातात दिला.

"मी? मला कुठं कळतंय?"

"वाजला की चांगलं. नाही वाजला की मला हाक मार. धर."

गंगाबाईने पदराला हात पुसले, एक सुई पिनेला लावली, दुसरी कूलरच्या पत्र्याला. मीटर वाजला. तिने सुई उचलली, पुन्हा लावली, पुन्हा वाजवला. मग हिंमतरावांकडे वळून म्हणाली, "सायेब, या. आता तुम्ही हात लावून बघा."