पहिल्या ओळीतलं औषध

आमच्या सरांच्या प्रयोगशाळेत औषधालाही मानपान होता. प्लेटमधल्या इवल्याशा खळग्यांत आम्ही डोपामाइन बनवणाऱ्या पेशी वाढवायचो. औषध टाकायचं ते कडेच्या पहिल्या ओळीत, आणि बिनऔषधाच्या पेशी ठेवायच्या मधे, हा सरांचा दंडक. गेलं वर्षभर पहिल्या ओळीत डोपामाइन वाढलेलं दिसत होतं आणि सरांचे पाय जमिनीवर नव्हते. शुक्रवारी पैसे गुंतवणारे पाहुणे येणार होते. त्यांना आलेख मी दाखवायचा होता.

माझेही पाय कुठे जमिनीवर होते म्हणा. बाबांच्या मेंदूत डोपामाइन कमी पडतं, म्हणून त्यांचा उजवा हात कापतो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या त्यांनी सुरूच केल्या नव्हत्या. "पोरीचं औषध येतंय की," असं ते शेजारीपाजारी सांगत सुटले होते.

त्या आठवड्यात कडेचे खळगे माझ्या हातून खराब झाले, म्हणून औषध मधे टाकलं. डोपामाइन ढिम्म वाढेना. मग नव्या प्लेटमधे कडेला बिनऔषधाच्या पेशी ठेवल्या, तर तिथे वाढलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कडेच्या खळग्यांतलं पाणी, पेशी ठेवायच्या गरम पेटीतल्या उबेनं उडून जात होतं. दूध आटलं की जास्त गोड लागतं, तसलाच प्रकार. औषधाचं कर्तृत्व शून्य.

सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मग मधे टाकलंसच कशाला? काही औषधं कडेलाच लागू पडतात."

"सर, पेशंटच्या डोक्यात कड कुठे शोधायची?"

"ते पुढच्या टप्प्यात बघू. शुक्रवारी जुनाच आलेख दाखव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी नाही दाखवणार."

"मग उद्यापासून येऊ नकोस," असं म्हणून त्यांनी चहा मागवला, स्वतःपुरता.

घरी पाऊल ठेवलं तोच बाबांनी विचारलं, "काय, कुठवर आलं आपलं औषध?"

"नाही येणार, बाबा. नुसतं पाणी आटत होतं. औषधात काही दम नाही." मला रडू आवरेना.

बाबांनी कापणारा हात दुसऱ्या हातात घट्ट धरला.

"आणि तुझी नोकरी?"

"गेली."

"मग आण त्या डॉक्टरांच्या गोळ्या," ते म्हणाले. "घरात एकाचा तरी हात चालायला हवा."