कोलशेतचं डावं पाऊल

कोलशेतच्या तालमीत वस्तादाला प्रश्न विचारायचा नाही, अशी रीत होती. वस्ताद पुढे, पोरं मागे. वस्तादाची काठी जशी फिरेल तशी पोरांची फिरायची, पाऊल जसं पडेल तसं पडायचं. ‘का’ आणि ‘कशाला’ हे दोन शब्द वहाणांबरोबर बाहेर काढून ठेवायचे. आता मिठागरावर राबणाऱ्या त्या पोरांच्या पायात वहाणा कुठून असणार म्हणा. पण शब्द मात्र सगळे इमानानं बाहेर ठेवून येत.

आणि वस्ताद कोण, तर आवडाबाई. भिवा वस्तादाची मुलगी. ठाण्याहून कोणी नवखा आला की अंगणात उभा राहून विचारायचा, ‘‘वस्ताद आहेत का घरात?’’ बाई पदर खोचलेला, काठी हातात, तशीच पुढे होऊन म्हणायची, ‘‘बोला.’’ नवखा तरीही तिच्या खांद्यावरून घरात डोकावायचा. पोरं गालातल्या गालात हसायची.

भिवाला मुलगे झाले ते जगले नाहीत. जगली ती ही एकटी, म्हणून सहाव्या वर्षी त्यानं तिच्याच हातात काठी दिली. चौदाव्या वर्षी मिठागरावर कोणाची तरी कुदळ मागून तिच्या डाव्या टाचेवर बसली आणि टाचेमागची शीर तुटली. जखम भरली, पण पाऊल आखूड पडायला लागलं ते कायमचं. भिवा रडत बसला नाही. त्यानं तिचं डावं पाऊल मुद्दामच निम्मं केलं. ‘‘पायाना जमत नाय तं कमरेना कर,’’ म्हणाला. तिनं केलं. पुढे तिची कमर अशी वळायची की पाय टेकायच्या आत काठी समोरच्याच्या खांद्यावर असायची. लग्न झालं, दोन वर्षांत नवरा पटकीनं गेला, ती बापाकडे परत आली आणि तालमीतच राहिली. भिवा थकला तसा बापाच्या जागी तीच पोरांपुढे उभी राहायला लागली. तिच्या पायाचं नाव गावात कोणी काढत नसे. निदान तिच्यासमोर नाही.

इंग्रज सरकारनं हत्यारांचा कायदा केला तेव्हा भिवाचे दोन्ही दांडपट्टे ठाण्याच्या कचेरीत जमा झाले. म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं, तो त्यातून उठलाच नाही. त्याच्या दहाव्याला पंच बसले, कारण काळुरामला तालीम हवी होती. काळुराम म्हणजे आवडाबाईचा चुलतभाऊ. काठी धरायची म्हटली की ह्याच्या खांद्यात चमक भरायची. पण मालकी सांगायला खांदा लागत नाही. ‘‘बाईमानसाची तालीम म्हंजे काय तालीम?’’ असं त्याचं म्हणणं. पंचांनी मधला मार्ग काढला. दर दसऱ्याला कल्याणच्या खाडीकाठी काठीच्या लढती होत. कोलशेतचा गडी तिथे हरेल त्या वर्षी तालीम काळुरामची. तोवर आवडाबाईची.

नऊ दसरे झाले. नऊही वर्षं कोलशेत हरलं नाही. पहिली सहा वर्षं तालमीतला थोरला गडी राघो लढला, मग त्याच्याहून सरस निघालेला दौलत. बाई स्वतः मैदानात कधी गेली नाही. बायकांनी त्या गर्दीत जायचं नाही, ही रीतही तिनं पाळली. भरतीच्या पाण्यावर पोरांबरोबर होडीनं कल्याणला जायची आणि बंदरावर होडीतच बसून राहायची. आरोळी कानावर आली की बापाचं नाव घेऊन पाण्याला हात लावायची.

दहाव्या वर्षी भादव्यात तिला हिवतापानं धरलं. कधी नव्हे ती आठ दिवस अंथरुणावर पडली. नवव्या दिवशी ताप उतरला, पण उभं राहवेना. म्हणून ती दारातल्या ओट्यावर गोधडी पांघरून बसली. समोर अंगणात राघो पुढे होता, अकरा पोरं मागे. हे तिच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. एरवी ती पुढे असायची, पोरं पाठीशी. लढायला समोर घेतलं तरी नजर काठीवर आणि डोळ्यांवर. पायाकडे बघणारा मार खातो, हे तिनंच शिकवलेलं.

आज बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं पाय बघितले.

राघोचं डावं पाऊल आखूड पडलं. तिला वाटलं, काटा लागला असेल. मग मागच्या अकरांचंही तसंच पडलं. पुन्हा पडलं. बारा धडधाकट पोरं, दोन्ही टाचा शाबूत असलेली, एका तालात लंगडत होती. कमर मात्र कोणाचीच तिच्यासारखी वळत नव्हती. ती कशी वळणार? ते वळण बापानं एका मोडक्या पायासाठी घडवलेलं. त्यामुळे प्रत्येक वळणाला त्यांचा डावा गुडघा क्षणभर उघडा पडत होता. शहाण्या गड्याला तेवढा क्षण पुष्कळ होता.

आवडाबाईच्या अंगावर पुन्हा काटा आला, पण तो तापाचा नव्हता. आपण वीस वर्षं ह्या पोरांना विद्या म्हणून आपली जखम शिकवली, हे तिला लख्ख कळलं.

दसऱ्याला अकरा दिवस उरले होते.

त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं. ‘पोरांनो, हे पाऊल चुकीचं आहे, हे माझं लंगडेपण आहे,’ एवढंच. पण अकरा दिवसांत पाऊल बदलायचं म्हणजे हातही चुकणार, लढत जाणार आणि तालीम काळुरामच्या घशात जाणार. शिवाय जन्मभर ज्याचं नाव कोणाला काढू दिलं नाही, त्याचं नाव स्वतःच्या तोंडानं काढायचं! तिनं मनाला समजावलं की दसरा होऊ दे, मग सांगू. आपल्या गैरसोयीच्या गोष्टी आपण सगळेच दसऱ्यानंतर करायच्या ठरवतो. संध्याकाळी दौलत पाया पडायला आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘‘डावी बाजू संबाल.’’

‘‘व्हय बाय,’’ तो म्हणाला. का, ते त्यानं विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती.

दौलत एकवीस वर्षांचा. बाप लहानपणी गेलेला, आई सखुबाई मिठागरावर फावडं ओढायची. दौलत मिठाची पाटी डोक्यावर घेऊन हातभर रुंदीच्या बांधावरून असा चालायचा की खडा सांडत नसे. बाई त्याला पोटचं पोर म्हणत नसे, पण घरात काही गोडधोड झालं तर पहिली वाटी कोणाची, हे सगळ्या तालमीला माहीत होतं.

दसऱ्याला होडी कल्याणच्या बंदराला लागली. पोरं गेली, बाई बसून राहिली. दुपार कलली. मैदानाकडून एक आरोळी आली, मग दुसरी. तीन टोल्यांची लढत असायची. कमरेखालचा टोला मोजत नसत; जो आधी तीन लगावेल तो जिंकला. कोणाचे किती झाले ते इथून कळत नव्हतं. मग एकदम सगळं गप्प झालं. इतकं गप्प, की होडीच्या कडेला लागणारं पाणी ऐकू यायला लागलं. तिनं हात जोडले. आणि मग अशी आरोळी उठली की बंदरावरचे हमालसुद्धा ओझी ठेवून तिकडे बघायला लागले.

पोरं धावत आली. दौलत त्यांच्या खांद्यावर होता. जिंकलेल्या गड्याला खांद्यावर घेतात, म्हणून आवडाबाई हसली. अगदी तोंडभर हसली. पोरं जवळ आल्यावर तिला दिसलं की त्याचा डावा पाय गुडघ्यापासून भलत्याच बाजूला लोंबतोय.

‘‘दोन-दोन झालेलं,’’ राघो धापा टाकत सांगत होता. ‘‘त्या गड्याना सगली लडत ह्याच्या पायावर नजर ठेवलेली. वलला तवा गुडग्यावर बसवली काठी, हाड वाजल्याचा आवाज आला बाय. पन हा पडता पडता त्याच्या डोक्यावर तिसरा टोला मारून मगच पडला! जिकलो आपन!’’

दौलतचे ओठ पांढरे पडले होते. तरी म्हणाला, ‘‘तालीम ऱ्हायली ना, बाय?’’

राहिली. कल्याणच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून दिल्या. ओहोटीच्या पाण्यावर होडी परत निघाली. पोरं आळीपाळीनं रडत होती आणि ओरडत होती. आवडाबाईच्या मांडीवर दौलतचं डोकं होतं.

मार्गशीर्षात कामट्या सोडल्या. गुडघा काही वाकेना. मिठागरं सुरू झाली, पण हातभर बांधावरून पाटी न्यायला दोन पाय लागतात. दौलत घरीच बसला. सखुबाई एकटीच कामावर जायला लागली. वाटेत भेटली तर बाईला म्हणायची, ‘‘तुज्यासाठी लडला गो, त्याचं मना वायट नाय वाटत.’’ हे ऐकून बाई दोन दोन दिवस जेवत नसे.

शेवटी पौषातल्या एका दुपारी ती सखुबाईच्या घरी गेली. सखुबाई मिठागरावर होती. दौलत दारात बसून जाळं विणत होता. तिला बघून उठायला लागला, तशी तिनं त्याला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसली.

‘‘माजा पाय लंगडा हाय,’’ ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. ‘‘तुमी जी चाल शिकलात ती चाल नाय रे. माजा लंगडा पाय हाय तो. तुमाना कोनाला ठावं नव्हतं, म्हनून...’’

दौलत हसला. ‘‘ठावं व्हतं, बाय.’’

‘‘काय?’’

‘‘सगल्याना ठावं व्हतं. मी नऊ वरसांचा आलेलो, पयल्याच दिशी तुज्या मागं सरल पाय टाकला, तं राघोना पाठीत धपाटा घातला. म्हनला, लोका बांधावर उबी ऱ्हाऊन बगतान. आपले सगल्यांचे पाय तसंच पडले तं लंगडं कोन, ते कलत नाय. त्याला आदीच्या पोरांनी सांगलेलं. तवापासना सगली तसंच टाकतान.’’

वीस वर्षं आवडाबाई पुढे चालत होती आणि तिच्या पाठीमागे पोरांच्या पिढ्या तिची लाज झाकत लंगडत होत्या. तिला रडू फुटलं. रडावं कशासाठी ते कळेना, मायेसाठी की पायासाठी, दोन्हीसाठी रडली.

‘‘मना सांगायचं व्हतंस रे.’’

‘‘तुज्या पायाचं नाव कसं काडायचं, बाय?’’

आता इथे ती थांबली असती तर चाललं असतं. पोर हसत होतं, माफ करायला त्याच्याकडे काही नव्हतं. पण थांबून एकदा काय झालं ते ती रोज बघत होती. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, ‘‘मना दसऱ्याच्या आदी कललं. मी ओट्यावर बसलेली तवा. अकरा दिस आदी. तुजा गुडगा उगडा पडतंय ते मना दिसलं, नि मी गप बसली. तालीम जाईल म्हनून गप बसली.’’

दौलतचे हात जाळ्यावर थांबले.

‘‘डावी बाजू संबाल, म्हनलीस त्या दिशी?’’

‘‘व्हय.’’

त्यानं आपल्या गुडघ्याकडे बघितलं. एकवीस वर्षांचं ते तोंड तिच्यासमोरच म्हातारं झालं. मग त्यानं जाळ्याची गाठ सोडून पुन्हा बांधायला घेतली आणि मान वर न करता म्हणाला, ‘‘जा आता, बाय. आई येल.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं तालमीत आली तेव्हा बाई पुढे उभी नव्हती. मागे, ओट्यावर बसली होती. पोरं तिच्याकडे तोंड करून उभी राहिली.

‘‘पाठ फिरवा,’’ ती म्हणाली.

कोणी हललं नाही. वस्तादाकडे पाठ करायची? त्यापेक्षा तोंडात मारलेली परवडली. राघोनं तर कान पकडले.

‘‘माजा पाय लंगडा हाय,’’ आवडाबाई मोठ्यानं म्हणाली. बांधावर दोघे-तिघे उभे होते, त्यांनाही ऐकू गेलं. काळुरामलाही ऐकू गेलं असेल. ‘‘आजपासना माज्याकडं बगायचं नाय. बगाल तं माज्यासारकं टाकाल. फिरवा पाठ!’’

पोरं फिरली. दोघांचे खांदे हलत होते. बाई तोंडी सांगायला लागली. उजवं. डावं, पुरतं टाक. उजवं. डावं, पुरतं. अंगवळणी पडलेलं सुटायला वेळ लागतो. पाऊल पुढे जायचं आणि निम्म्यावरच टेकायचं. ती सांगत राहिली. घसा बसला तरी सांगत राहिली. जी तोंडं तिनं रोज सकाळी बघितली होती ती तिला पुन्हा तालमीत दिसली नाहीत, नुसत्या पाठी दिसल्या.

आठव्या दिवशी काठी टेकत दौलत आला. पोरांचे हात थांबले. तो अंगण ओलांडून ओट्यापाशी आला, आणि बाईच्या पायाशी, पायरीखाली, एक पाय लांब करून बसला. तिच्याकडे पाठ करून.

तिनं तसं सांगितलं होतं म्हणून, की तिचं तोंड बघायचं नव्हतं म्हणून, हे तिला कळलं नाही. पुढे तो रोज आला, रोज तसाच बसला, तिचा आवाज बसला की तिच्याऐवजी ‘डावं, पुरतं’ म्हणून ओरडलाही. आवडाबाई आणखी सतरा वर्षं जगली. त्याच्या मानेवरचे केस पिकायला लागलेले तिनं बघितले. पण तिनं त्याला कधी विचारलं नाही. त्या तालमीत विचारायची रीत नव्हती.