झाडू धरला तिथे दार

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायचा खेळ. त्यात कप्तानाचं काम काय असतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात सगळी चूक माझी नव्हती हे तुमच्या लक्षात येईल. कप्तान बर्फाच्या पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला उभा राहतो. दगड जिथे थांबायला हवा तिथे झाडूने टकटक करतो. मग तोच झाडू बाजूला नेऊन उभा धरतो, कारण दगड सरळ येत नाही, वळत येतो. टाकणाऱ्याने नेम झाडूवर धरायचा, म्हणजे दगड वळून टकटक केलेल्या जागी येऊन बसतो. बाकीचे तिघे गुडघ्यावर बसून दगड टाकतात, दगडापुढे पळत बर्फ घासतात, घामाघूम होतात. कप्तान सगळ्यात शेवटी आपले दगड टाकतो, तोवर नुसता ओरडतो. मी तीस वर्षं ओरडलो, आणि गावात माझ्याइतकं खणखणीत कुणी ओरडत नाही, असं माझ्याशिवाय इतरांनीही म्हटलेलं आहे.

सँडविकचा आमचा क्लब म्हणजे तळ्याकाठी पत्र्याची एक लांबलचक शेड, आणि तिच्या एका टोकाला चिकटवलेली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर. आमच्या बापजाद्यांनी ती उभी केली, आणि तिच्याकडे पाहिलं की तेही कप्तानच असावेत असं वाटतं. छत गळत होतं, स्वयंपाकघराची फरशी पाय ठेवला की खाली जात होती, आणि भिंतीत उबेसाठी भरलेला भुसा उंदरांनी केव्हाच वाटून घेतला होता. या उन्हाळ्याच्या शेवटी ठरलं की आता आपणच हात लावायचा. दर शनिवारी जमायचं आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या.

अडचण एकच होती. आमच्या क्लबात ज्याला त्याला कप्तान व्हायचं असतं. पहिल्या शनिवारी छताखाली आम्ही सातआठ जण झाडू टेकून उभे होतो, सगळ्यांची बोटं वर, सगळ्यांचे सल्ले वेगवेगळे, आणि शिडीवर एकटी वर्ना. ही वर्ना शार्ट्राँ दोन वर्षांपूर्वीच खेळायला लागली. चाळिशीची असेल, हाताला कामाची सवय. नवीन असल्यामुळे तिला सांगितलं ते ऐकण्याची खोड होती.

“अहो, एकानेच बोला ना!” ती वरून ओरडली. “कुणाचं ऐकू?”

“माझं,” आम्ही सगळे म्हणालो.

माझा जीव छतात नव्हता. माझं लक्ष एका दाराकडे होतं, आणि ते का ते सांगतो. आर्डिस माझी थोरली बहीण. तीस वर्षं माझ्या संघात ती तिसरी खेळाडू होती, म्हणजे कप्तानाच्या अगदी आधी दगड टाकणारी. गेल्या वसंतात तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. आता ती चाकाच्या खुर्चीत असते. तिची मुलगी सिग्नी विनिपेगला राहते. तिने आईसाठी खोली तयार ठेवली होती, पडदेसुद्धा लावून झाले होते.

“हे बघ एनार,” आर्डिस मला म्हणाली, “हंगामाचा पहिला दगड दरवर्षी मी टाकते. यंदाही बर्फावर जाऊन टाकता आला, तर मी कुठेही जात नाही. पण बैठकीतून बर्फाकडे उतरणाऱ्या त्या तीन पायऱ्यांवरून बटाट्याच्या पोत्यासारखं मला उचलून नेणार असाल, तर नको. मग मी आपली सिग्नीकडे जाते.”

“कोण उचलतंय तुला? नवं दार काढतो. उतार बांधतो.”

“तू?”

“मग कोण?”

“अरे देवा,” ती म्हणाली आणि कॉफी ढवळत बसली.

मी तिच्या शेजारच्या घरात राहतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. रोज सकाळी मी आर्डिसच्या स्वयंपाकघरात कॉफी पितो, ती माझ्या शर्टाच्या बटणांवरून मला टोमणे मारते, आणि मग माझा दिवस सुरू होतो. ती गेली तर मी सकाळी कुठे जाणार? मला भीती वाटत होती, हे सरळ सांगून टाकतो. त्या भीतीपोटीच मी हातात टेप घेतली, नाहीतर आमच्या घरात साधा खिळासुद्धा माझी बायकोच ठोकायची.

जागा मी स्वतः पाहून ठरवली. बैठकीच्या खोलीचा एक कोपरा रिकामा होता. तिथे भिंत फोडायची, पलीकडे शेडमध्ये उतार काढायचा, की खुर्ची थेट तीन नंबरच्या पट्ट्यापाशी. तीन नंबर म्हणजे आमच्या चार पट्ट्यांतला सगळ्यात चांगला बर्फ. एका शनिवारी वर्ना करवत घेऊन आली. यंत्राची करवत ती, तिचा आवाज पत्र्याखाली असा घुमतो की माणसाला स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. तिने कानांवर टोप्या चढवल्या. आम्ही दोघं शेडच्या बाजूने भिंतीपुढे उभे. मला खुणेनेच दाखवायचं होतं, आणि खुणा करायला माझ्या हातात काय असणार? झाडू.

मी भिंतीवर नेमक्या जागी टकटक केली. इथे. वर्नाने मान हलवली.

आणि मग, देवाशपथ, मला कळलंसुद्धा नाही. तीस वर्षांची सवय. टकटक करून झाल्यावर माझा हात आपोआप डावीकडे सरकला. मी झाडू चांगला दोन-अडीच हात बाजूला नेऊन उभा धरला, वर दुसरा हातही उंच केला, दगड कसा फिरवायचा ते दाखवायला. वर्नाने बघितलं, झाडूपाशी येऊन खडूने रेघ मारली आणि अंगठा वर केला. मीही अंगठा वर केला. मोठं काम उरकल्याच्या समाधानात मी कॉफी आणायला गेलो.

परत आलो तेव्हा भिंतीला दाराएवढं भोक पडलं होतं आणि भोकातून लिल कोस्टिनिक माझ्याकडे बघत होती. लिल आमच्या स्वयंपाकघराची सत्ताधीश. तिच्या हाताला साबण होता. तिच्या मागे बेसिन, आरसा आणि बायकांचा संडास.

“एनार,” लिल म्हणाली, “तुला काही हवं होतं का?”

वर्नाने करवत खाली ठेवली, कानांवरच्या टोप्या काढल्या आणि आधी लिलकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही झाडू इथेच धरला होता ना?”

“टकटक तिकडे केली होती!”

“हो, पण झाडू इथे धरला होता!”

कर्लिंगच्या नियमाप्रमाणे तिचं शंभर टक्के बरोबर होतं. त्यावर कडी म्हणजे त्या भोकाच्या कडेचा खांब अर्धा कापला गेला होता आणि वरची तुळई कुरकुरायला लागली होती. सगळे कप्तान धावत आले. पहिल्यांदाच कुणी सल्ला दिला नाही, कारण वर्ना ओरडली, “गप्प! टेकू आणा!” टेकू लावले, आणि ते लावावे लागले नेमके त्याच कोपऱ्यात जिथे मला दार हवं होतं. म्हणजे आता दार तिथे होणं शक्यच नव्हतं. बर्फ घालायला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

संध्याकाळी तोंड पाडून आर्डिसकडे गेलो. तिला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही म्हणणार, राहू दे, मी जाते. पण ती मान तिरपी करून ऐकत होती.

“कुठल्या बाजूला धरलास झाडू?”

“डावीकडे.”

“किती?”

“दोन-अडीच हात.”

“आणि वर्नाने अगदी झाडूवरच कापलं?”

“केसाचाही फरक नाही.”

“बिचारी रे ती,” आर्डिस म्हणाली, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिचं हसणं आता एकाच गालाने होतं. मला मात्र हसू येत नव्हतं. मी तिला म्हटलं, हसू नकोस, मला रडू येतंय. तर म्हणाली, मग रड, पण दार पुरं कर.

दार पुरं झालं. बायकांच्या संडासातूनच झालं. बेसिन हललं, भांडं हललं, आरसा तेवढा राहिला. बायकांनी पुरुषांचा संडास ताब्यात घेतला, त्यावर मतदान वगैरे काही झालं नाही, लिलने दारावरची पाटी बदलली आणि विषय संपला. पुरुषांना रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर जावं लागतं. तळ्यावरून वारा सुटला की तिकडे जाताना माझ्या नावाने जे काही बोललं जातं ते मी इथे लिहू शकत नाही. उतार वर्नाने बांधला. मी जवळ उभा होतो, पण झाडू तिने माझ्या हातातून काढून घेतला होता.

नव्या दाराचा उतार तीन नंबरला नव्हे, चार नंबरच्या पट्ट्यावर उतरत होता. चार नंबर भिंतीला लागून. तिथला बर्फ भिंतीकडे कलतो, दगड भलतीकडे जातो, म्हणून नवख्यांना आणि जावयांना आम्ही तो देतो. आर्डिसने हंगामाचा पहिला दगड आजवर कधी चार नंबरवर टाकला नव्हता.

नोव्हेंबरातल्या उद्घाटनाच्या शनिवारी सगळं गाव आलं. दगड नीट सरकावा म्हणून बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून झाले होते, बर्फाखालची नेमाची लालनिळी वर्तुळं नव्या रंगात चमकत होती. लिलच्या पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, शिजत होत्या. सिग्नी मोठी गाडी घेऊन आली होती. काचेतून मला दिसलं, मागच्या सीटवर घडी केलेली खोकी होती, एकावर एक रचलेली. आर्डिसचं सामान भरायलाच ती आणली असणार.

आर्डिस आरशापुढून गेली, थांबून केस नीट केले आणि उतारावरून खाली आली. मागून वर्नाने खुर्ची धरली होती. बसून दगड ढकलायची लांब काठी असते, ती आर्डिसने उजव्या हातात घेतली. आजवर ती काठीला म्हाताऱ्यांचं खेळणं म्हणायची.

मी पलीकडच्या टोकाला उभा राहून वर्तुळांच्या मधोमध टकटक केली. मग चार नंबरचा कल, तिच्या हातातला कमी जोर, सगळं मनाशी जुळवून झाडू बाजूला धरला. आर्डिसने झाडूकडे पाहिलं. मग वर्नाला काहीतरी म्हणाली, वर्नाने खुर्ची जराशी फिरवली, आणि दगड निघाला.

चुकीच्या रेषेवर निघाला! झाडूच्या चांगला हातभर आत. “आत आला! आत आला!” मी सवयीने बोंबललो. दगड हळू येत होता, इतका हळू की मी श्वास धरून ठेवला. मध्यावर आला, भिंतीकडे झुकला, मग वळत वळत येऊन सगळ्यात आतल्या लाल वर्तुळाच्या कडेवर टेकला आणि थांबला. टकटक केलेल्या जागेपासून वीतभर लांब.

लोकांनी आनंदाने झाडू आपटले, लिल रडत होती, मीही रडत होतो. पण मला राहवेना. मी सगळा पट्टा तुरुतुरु चालत तिच्यापाशी गेलो.

“अगं, मी झाडू तिकडे धरला होता. तू टाकलास कुठे?”

“जिथे टाकायला हवा होता तिथे.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय, एनार? तू झाडू नेहमी हातभर जास्त बाहेर धरतोस. तीस वर्षं धरतोयस. मी तुझ्या झाडूवर कधीच नेम धरला नाही.”

खुर्चीमागून वर्ना ओरडली.

“अहो आर्डिस, हे मला आधी कुणी सांगायचं तरी! मी भिंत कापली ना त्या झाडूवर!”

सगळी शेड हसली. मी बैठकीच्या काचेकडे पाहिलं. आत भिंतीवर ओळीने फोटो आहेत, प्रत्येकात कप माझ्या हातात, छाती माझी पुढे, आणि मागे आर्डिस गालातल्या गालात हसतेय. मला वाटायचं, हिला फोटो काढून घ्यायची लाज वाटते.

सिग्नी उतारावर उभी होती. “आई,” ती म्हणाली, “गाडीत खोकी आणलीत मी.”

“बरं झालं. लिलला दे. उरलेले पाव भरायला तिला लागतील.”

सिग्नीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू हे सगळं मी घडवून आणलं होतं, आणि एका अर्थी आणलंही होतं. मग ती हसली आणि गाडीकडे गेली.

मी आर्डिसच्या खुर्चीपाशी उभा होतो. हातातला झाडू एकदम नकोसा झाला. तो मी तिच्या मांडीवर ठेवला.

“मंगळवारपासून सामने आहेत,” म्हटलं. “दुसरा कुणी कप्तान बघ. झाडू धरता येतो असा.”

“नको. तूच धर,” ती म्हणाली आणि झाडू माझ्या हातात परत दिला. “तू किती चुकतोस ते मला पाठ आहे. या वयात नव्या माणसाचं कुठे शिकत बसू?”

मी झाडू घेतला आणि पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिलो.