एकशे वीस, पण कसले?

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मित्रांनो, कारण मला चाक एकच आहे आणि तेही आता झिजलंय. माझ्या जातीला एकचाकी म्हणतात. मधोमध जाड टायर, त्याच्या पोटात मोटर, अंगाला चिकटून बॅटऱ्या आणि दोन बाजूंना पाय ठेवायला दोन पायदानं. हँडल नाही, सीट नाही. माणूस पुढे झुकला की मी पळते, मागे रेलला की थांबते. माझ्यावर उभ्या राहणाऱ्याने माझ्यावर भरवसा ठेवायचा आणि मी त्याच्यावर, एवढंच आमचं नातं.

हुइचोऊ शहराच्या मागे बांबूचे डोंगर आहेत. तिथल्या एका लहानशा कारखान्यात माझा सांगाडा जुळला. माझ्या थोरल्या बहिणीही तिथल्याच, पण त्या सगळ्या कडक अंगाच्या. दगड आला की थेट माणसाच्या गुडघ्यात जायचा. मी मात्र कारखान्याची पहिली शॉकअपवाली! त्यासाठी मला टेम्पोत घालून शहरात शांग साहेबांकडे पाठवलं. साहेब तरुण, परदेशात शिकून आलेले आणि भारी हुशार. त्यांनी माझ्या अंगात हवेचा शॉकअप बसवला. हवा भरली की मी सहा बोटं खाली-वर होऊ शकत असे. पण ही हवा वाटेल तेवढी भरून चालत नाही. स्वाराचं वजन पाहून भरावी लागते. नीट भरलेली असली, तर माणूस नुसता उभा राहिला की मी दोन बोटं खचायला हवी. मग पुढचे खड्डे मी गिळते, त्याला कळतही नाही.

साहेबांनी फोन केला, "स्वाराचं वजन कळवा." डोंगरावरून चिठ्ठी आली. चिठ्ठीवर एवढंच होतं: वजन १२०. साहेबांनी तेवढ्याची हवा भरली, हवेच्या तोंडावर लाल रंगाचा ठिपका मारला, आणि ठिपका मोडायचा नाही अशी ताकीद देऊन मला परत धाडलं. ती चिठ्ठी लक्षात ठेवा मित्रांनो. मला तर ती जन्मभर विसरता यायची नाही.

माझी स्वार होती लाय सूमेई. वय बावन्न. तरुणपणी ती याच पाऊलवाटांवरून एका चाकाच्या ढकलगाडीत लिचीच्या टोपल्या घालून बाजारात न्यायची. "दोन चाकांवर मला चक्कर येते," असं म्हणायची. नऊ वर्षं ती कारखान्याच्या गाड्या डोंगरात घालून तपासत होती. ज्या गाडीला सूमेईने हो म्हटलं, तीच बाजारात जाई. सगळे तिला मान देत, आणि तिला तो आवडायचाही.

ती पहिल्यांदा माझ्यावर उभी राहिली, तेव्हा मी जराही खचले नाही.

"मिस्त्री, कडक वाटतेय हो ही," ती म्हणाली.

तान मिस्त्री म्हणजे कारखान्याचा मुकादम. पस्तीस वर्षं पाने-पकडीत घालवलेला माणूस. तो म्हणाला, "नवी नवरी आहे ती. चार दिवसांत मऊ पडेल."

"आणि नाही पडली तर?"

"शहरातल्या साहेबाने हवा भरलीय, बाई! आपण काय त्याच्यापेक्षा शहाणे?"

सूमेईला शॉकअप ठाऊकच नव्हता. आजवर तिचे गुडघे हाच तिचा शॉकअप. तिने खांदे उडवले आणि मला घेऊन निघाली.

मी ओरडू पाहत होते. पण मला बोलायला एक भोंगा तेवढा दिलेला, आणि तो फक्त धोका आला की टीं-टीं करतो. मनातलं सांगायला तो वाजत नाही. पहिला दगड आला, मी उडाले. दुसरा आला, मी आणखी उडाले. सहा बोटांपैकी एक बोटभरही मी दबत नव्हते. हवा अंगात नुसती ठासून भरलेली, आणि बाई माझ्यासाठी फारच हलकी. ओढ्याच्या उतारावर माझं टायर जमिनीवरून सुटलं, मोटर मोकळी भणाणली, आणि खाली टेकताक्षणी एवढा हिसका बसला की सूमेई एकीकडे आणि मी दुसरीकडे.

मी घळीत घरंगळले आणि दोन दगडांच्या बेचक्यात गच्च अडकले. वर सूमेई पडली होती. खांद्याचं हाड मोडलं होतं, ती कण्हत होती आणि मला तिच्याकडे वळताही येत नव्हतं. तेव्हा मात्र भोंगा वाजला. दोन तास मी टीं-टीं करत राहिले. त्या आवाजावरूनच तान मिस्त्रीने आम्हाला हुडकलं. माझ्या हातून तिच्यासाठी झालं ते एवढंच.

पुढे काय होतं, ते तुम्हालाही माहीत असेल. काही बिघडलं की आधी कुणाचं चुकलं ते शोधतात. शांग साहेबांनी निरोप धाडला: यंत्र तपासा. कारखान्याच्या मागच्या खोलीत एक तपासणी यंत्र आहे, लोक त्याला जातं म्हणतात. मोठा लोखंडी ढोल, त्यावर दगडासारखे उंचवटे. गाडी वर जाळीत आवळायची, पायदानांवर वाळूची पोती बांधायची आणि खालून ढोल फिरवायचा. साहेबांच्या कागदावर लिहिलं होतं, एकशे वीस किलो. मिस्त्रीने वीस-वीस किलोची सहा पोती बांधली, तीन इकडे, तीन तिकडे. भोंग्याचा आवाज नको म्हणून त्याची तारही तोडली.

आणि काय सांगू मित्रांनो, त्या सहा पोत्यांखाली मी अगदी शहाण्यासारखी चालले! दोन बोटं खचले, प्रत्येक उंचवटा गिळला, टायर कधी सुटलं नाही. हवा तेवढ्याच वजनाची होती ना! साहेबांनी अहवाल पाठवला: यंत्रात दोष नाही. स्वाराची चूक. वय झाल्यामुळे गुडघे काम करत नसावेत.

ते वाक्य मिस्त्रीने माझ्यासमोरच मोठ्याने वाचलं. मला लाज वाटली. मी जितकी चांगली चालेन, तितकी सूमेई खोटी ठरणार. आणि वाईट चालायचं म्हटलं, तर जाळीतून हलायचीही सोय नाही.

पुढचा दीड महिना मी त्या जात्यावर होते. शॉकअप किती दिवस टिकतो ते बघायचं म्हणून रोज सकाळी ढोल सुरू, संध्याकाळी बंद. चाललेल्या अंतराचा आकडा वाढत होता आणि मी होते तिथेच. खिडकीतून बांबूचा एक शेंडा दिसायचा, बस्स. माझ्या सांगाड्याला बारीक चीर गेली. खरी गोष्ट माझ्या पोटात होती. लाल ठिपक्याच्या आत, कुणी दाबमापक लावून वाचावी इतकी सरळ. पण सगळं ठीकठाक चालत असताना आत डोकावतो कोण? रोज तो ढोल थांबला की वाटायचं, आज कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही.

मग एका सकाळी सूमेई आली. हात गळ्यात अडकवलेला. अहवालाखाली तिची सही हवी होती. सही केली की चूक तिची ठरली, आणि मग डोंगरात गाडी घालायचं काम कायमचं बंद. कारखान्याच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायचं काम मात्र मिळालं असतं.

"कर बाई सही," तान मिस्त्री खाली बघत म्हणाला. "वाद घालून काय मिळणार? शहरातले लोक आहेत ते."

"करते. पण मला आधी तिला बघायचंय."

"कुणाला?"

"जिने मला पाडलं तिला. निदान दोन शिव्या तरी हासडते."

मिस्त्रीने खोलीचं दार उघडलं. सूमेई माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पण शिवी दिली नाही. माझ्या जाळीला हात लावून म्हणाली, "अगं बाई, तुलाही बांधून घातलंय होय." मग तिची नजर पोत्यांवर गेली. "ही एवढी पोती कशाला?"

"तुझं वजन आहे ते."

"माझं?" तिने चांगल्या हाताने एका पोत्याला हिसडा दिला. ते जागचं हललं नाही. पोत्यावरचा आकडा तिने वाचला, मग बाकीच्यांवरचे. तिने तर आयुष्यभर टोपल्या वाहिलेल्या. "मिस्त्री, यातली तीन पोती म्हणजे मी. उरलेली तीन कोण? माझी सासू?"

मिस्त्री हसला. मग त्याचं हसू मधेच थांबलं.

त्याचं कारण सांगते. आमच्याकडे भाजी, मासळी, डुक्कर, माणूस, सगळं जिनमध्ये मोजतात. एक जिन म्हणजे अर्धा किलो. पण जिन हा शब्द कुणी उच्चारत नाही, नुसता आकडा सांगतात. सूमेईचं वजन मिस्त्रीने केलं होतं नाक्यावरच्या भाजीवालीच्या काट्यावर. काटा म्हणाला एकशे वीस, मिस्त्रीने लिहिलं एकशे वीस. किलोत पाहिलं तर बाई साठाची! साहेबांनी सूमेईला कधी पाहिलंच नव्हतं. त्यांची शाळा परदेशातली, त्यांच्या डोक्यात किलो.

"पण मिस्त्री," सूमेई म्हणाली, "पोती बांधताना तुमच्या लक्षात नाही आलं?"

मिस्त्री जमिनीवर उकिडवा बसला. "कागदावर साहेबाची सही होती गं. वाटलं, यंत्राला जास्त भार देत असतील. मी ते वजन तुझं म्हणून बांधलंच नाही, कागद म्हणून बांधलं." त्याने बाहीने डोळे पुसले. "माझ्या चिठ्ठीने तुझं हाड मोडलं, सूमेई."

"आधी साहेबाला फोन करा. रडायचं मग बघू."

फोनवर साहेब म्हणाले, "वजन एकशे वीस, तुम्हीच लिहून दिलंत."

"एकशे वीस खरं," मिस्त्री म्हणाला, "पण कसले?"

"जिन?" पलीकडून साहेब म्हणाले. "हवेला हात लावू नका, मी येतो."

दुपारी साहेब स्वतः आले. खरं सांगते, मला त्यांचा फार राग होता. ते गप्प बसले असते तरी कुणाला कळलं नसतं. मिस्त्रीची चिठ्ठी पुढे केली असती तर सुटलेही असते. पण त्यांनी आधी लाल ठिपका खरवडला, दाबमापक लावला, आकडा सगळ्यांना दाखवला. मग हवा तशीच ठेवून स्वतःच्या हाताने तीन पोती सोडली. "आता फिरवा."

ढोल फिरला आणि मी उडाले. उंचवटा आला की उडाले, पुन्हा उडाले. जाळी खणखणली, मोटर भणाणली, अगदी त्या उतारावरच्यासारखी. सूमेईचा चांगला हात आपोआप मोडलेल्या खांद्याकडे गेला.

"बंद करा," साहेब म्हणाले. ते सूमेईसमोर उभे राहिले. "मावशी, तुमच्या गुडघ्यांबद्दल मी जे लिहिलं..."

"गुडघे ठणठणीत आहेत माझे. लिहून द्या तसं."

"देतो. आणि चूक माझी, हेही लिहितो. आकड्यापुढे माप नव्हतं, मी विचारायला हवं होतं."

"आणि मी लिहायला हवं होतं," मिस्त्री म्हणाला.

साहेबांनी जुना अहवाल फाडला. मग माझ्या हवेच्या तोंडावर बोट दाबलं. फुस्स्... किती दिवसांनी मी श्वास सोडला म्हणून सांगू! हवा साठ किलोंवर आली, जाळी सुटली, भोंग्याची तार पुन्हा जोडली.

खांद्याचं हाड जुळल्यावर सूमेई मला त्याच उतारावर घेऊन गेली. माझ्यावर उभी राहिली आणि मी अलगद दोन बोटं खचले. "बसली गं बाई!" ती एवढ्या जोरात ओरडली की मिस्त्रीच्या हातातला चहा सांडला. तोच ओढा, तेच दगड, आणि मी एकेक दगड गिळत खाली उतरले. तिने हो म्हटलं, आणि माझ्या धाकट्या बहिणी बाजारात गेल्या. त्यांच्या कागदावर वजनाच्या रकान्यात आता माप आधी छापलेलं असतं, आकडा नंतर लिहितात.

माझ्या सांगाड्यातली चीर मात्र तशीच राहिली. मी विक्रीची उरले नाही, म्हणून सूमेईने मला घरी नेलं. तिच्या चुलीशेजारी, लोणच्याच्या रांजणापाशी मी असते. डोंगर आता नाही, रोज फक्त बाजार.

मित्रांनो, एवढंच मागते. बडवून बडवून कुणाकडून खरं कळत नसतं, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडून तर नाहीच. आकडा दिसला की विचारा, कसला? दोष द्यायच्या आधी एकदा तरी आत बघा. आणि कुणाच्या अंगात हवा भरताना, त्याच्यावर कोण उभं राहणार आहे हे डोळ्यांनी पाहून घ्या.

सूमेई आजही माझ्यावर चढण्याआधी तळहाताने मला दाबून बघते आणि मोठ्याने म्हणते, "एकशे वीस, जिन!" हल्ली बाई जरा भरलीय, मी दोन नाही, चांगली अडीच बोटं खचते. पण भोंगा काही वाजवत नाही.